रोज टांगलेली पाटी

मी पाटी आहे. धोक्याची पाटी. गोदाम नंबर तीनच्या शटरशेजारी, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर मला ठोकलेलं आहे. पिवळा रंग, वर काळी कवटी, खाली तांबडी अक्षरं: 'सावधान! विषारी वायू! आत जाऊ नये!' जन्मभर मला एवढंच बोलता आलं. आज त्याहून जास्त बोलतेय, कारण माझा पुरावा देऊन एका बाईला दोषी ठरवण्यात आलंय, आणि ती बाई उत्तर द्यायला उरलेली नाही.

चौकशीच्या कागदावर लिहिलंय: 'धोक्याची पाटी दर्शनी जागी लावलेली असतानाही सदर महिला कामगार आत गेली.' या वाक्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पाटी होती. दर्शनी जागी होती. बाई आत गेली. तरी ते वाक्य खोटं आहे, आणि कसं खोटं आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणून जरा थांबा आणि ऐका.

मी मूळची एका मोडक्या लोखंडी कपाटाचा दरवाजा. भंगारातून मला एका रंगाऱ्याने उचललं, घासलं, कापलं. माझी ऑर्डर घेऊन आला होता गोळीमास्तर. त्याचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या लावायचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला गोळीमास्तर म्हणत. वाळका, किंचित वाकलेला, खांद्यावर नेहमी गॅसच्या मुखवट्याची पिशवी.

"कवटीला दात किती काढू?" रंगाऱ्याने विचारलं.

"सगळे काढ. विष पोटात गेल्याने दात पडत नाहीत."

रंगारी हसला. गोळीमास्तर हसला नाही. त्याने माझ्या तळाशी दोन कोरे चौकोन काढून घेतले. एकावर लिहायचं होतं 'गोळ्या लावल्याची तारीख', दुसऱ्यावर 'आत जाण्याची तारीख'. रंगाऱ्याला वाटलं, तारखाही आत्ताच रंगवायच्या. मास्तर म्हणाला, "त्या मी खडूने लिहीन. दर वेळी नव्या."

त्याची कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच बिघडलं.

गोदामात पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत. त्यांच्यावर जाड ताडपत्र्या घालून आत गोळ्या ठेवायच्या. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून वायू सुटतो आणि कीड मरते. किडीला मारणारं माणसाला सोडत नाही. गोदामातले सगळे या विषाला 'औषध' म्हणतात. 'तीन नंबरला औषध लावलं,' असं बोलतात, जणू तीन नंबरला खोकला झालाय. कधी त्याला लसणासारखा वास येतो, कधी सडक्या मासळीसारखा, कधी काहीच नाही. तोंडावर रुमाल बांधून तो अडत नाही. बंद जागेत तो साचून राहतो. एकदा अंगात गेला की त्याच्यावर उतारा नाही.

म्हणून गोळीमास्तर आधी सगळ्यांना बाहेर काढी. मग आत जाऊन तीनदा हाक मारी, "कोण आहे का रे?" कुणी नाही याची खात्री झाली की शटर खाली, फटींना कागद आणि खळ. मग बाजूच्या चाळणखोलीची, म्हणजे सांडलेलं धान्य चाळायच्या खोलीची, किल्ली मागून घेई. दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात. आणि सगळ्यात शेवटी शटरशेजारच्या दोन आकड्यांवर मला अडकवून खडूने तारखा लिही.

ठरलेले दिवस भरले की तो स्वतः मुखवटा लावून गोदाम उघडे. दिवसभर वारा खेळू देई. काचेच्या नळीने हवा तपासे. आणि मग मला काढी, बाहीने तारखा पुसे आणि ऑफिसच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवून देई.

हमालांना तो सांगे, "पाटी वर, तर माणूस बाहेर. पाटी खाली, तर माणूस आत. मध्ये काही नाही."

वर्षातून चाळीसेक दिवस मी टांगलेली असे. उरलेले दिवस धूळ खात. पण त्या चाळीस दिवसांत माझ्या शब्दाला वजन होतं. हमाल लांबून वळसा घालून जात. एकदा एका ड्रायव्हरची चप्पल वाऱ्याने उडून माझ्या पायाशी आली. त्याने तीन दिवस तशीच सोडली आणि अनवाणी गाडी चालवली. मी मनात म्हटलं, याला म्हणतात ऐकणं.

मग गोळीमास्तर निवृत्त झाला. निरोपाला हार नाही, भाषण नाही. मुखवट्याची पिशवी टेबलावर ठेवून निघून गेला. त्याच्या जागी माणूस नेमला नाही. काम ठेकेदाराला दिलं. त्याच सुमारास नवे साहेब आले.

साहेब वाईट माणूस नव्हते, असं लोक म्हणतात. मला लोकांच्या या वाक्याची चीड आहे. वाईट नसलेल्या माणसांनीच हे सगळं केलं.

झालं असं, की एकदा ठेकेदाराचा माणूस मला काढायला विसरला. पंधरा दिवस मी वर राहिले. साहेबांच्या लक्षात आलं की त्या पंधरा दिवसांत शटरसमोरच्या सावलीत पत्त्यांचा डाव बसला नाही. कुणी सायकली टेकवल्या नाहीत. शेजारच्या वस्तीतली माणसं अंगणातून आडवी गेली नाहीत. पोत्यांतून मूठ मूठ धान्य जायचं, तेही थांबलं.

साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "ही बया राखणदारापेक्षा बरी. राहू दे इथेच."

हमालांचा मुकादम जवळच होता. पोटाचा घेर मोठा, आवाज त्याहून मोठा. तो म्हणाला, "साहेब, औषध नसताना पाटी?"

"भीती असलेली बरी असते, मुकादम."

"पण मग औषध असताना कसं कळायचं?"

"तेव्हा सांगू की. तोंड आहे ना आपल्याला!"

दुसऱ्या दिवशी आकडे काढून मला चार स्क्रूंनी भिंतीत पक्कं केलं. खालचे तारखांचे चौकोन पिवळ्या रंगाने बुजवले. रोज तारीख कोण बदलणार? त्या दिवसापासून मी खोटं बोलू लागले. मला कुणी विचारलं नाही. पाटीला कोण विचारतं?

पहिले दोन-तीन महिने लोक बिचकले. मग त्यांनी पाहिलं की साहेब स्वतः माझ्याखालून आत जातात, बाहेर येतात, आत उभं राहून चहा पितात. हळूहळू मी भिंतीचा भाग झाले. मुकादमाने आपला सदरा माझ्या कोपऱ्यावर टांगायला सुरुवात केली. कुणी माझ्यावर माचिसची काडी ओढली. कवटीच्या एका डोळ्यात कुणीतरी च्युइंगम चिकटवलं, ते तसंच वाळलं. सहा वर्षं गेली. औषध लागलं की साहेब तोंडाने सांगत, तेवढे दिवस सगळे लांब राहत. सहा वर्षांत औषध लागलं तितके दिवस मी खरं बोलले आणि बाकीचे सगळे दिवस खोटं. दोन्ही दिवशी माझा चेहरा तोच.

आता त्या दोघींबद्दल.

थोरली आणि धाकटी. सख्ख्या जावा, एकाच घरातल्या दोन भावांच्या बायका. पोत्यांतून सांडलेलं धान्य गोळा करायचं, चाळायचं, खडे-माती काढून पुन्हा भरायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी गोदामाच्याच एका कोपऱ्यात भिंत घालून चाळणखोली केलेली. ती भिंत पुरुषभर उंच. तिच्यावर छतापर्यंत नुसती जाळी, म्हणजे गोदामातली हवा तीच खोलीतली हवा. खोलीला अंगणात उघडणारा वेगळा दरवाजा, माझ्यापासून चार पावलांवर. त्याची किल्ली थोरलीच्या गळ्यात दोरीला.

थोरली पन्नाशीची. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. धाकटी पस्तिशीची, दहावी झालेली, हसरी. दोघी दिवसभर भांडत. भांडण थांबलं की मुकादम काळजीने डोकावून बघे.

"धाकटे, तुझ्या चाळणीतून खडे जातायत. भोकं मोठी झालीत की डोळे बारीक?"

"डोळे चांगले होते, जाऊबाई. तुमच्या घरात येऊन बारीक झाले."

"आमचं घर! आणि तू काय भाडेकरू आहेस?"

"भाडेकरूला निदान घरमालकीण रोज टोमणे मारत नाही."

धाकटीला एक लेक, नऊ वर्षांची. लेकीला चाचणीत कमी गुण पडले की धाकटी दोन दिवस चाळणीवर राग काढी. जास्त पडले की अख्ख्या गोदामाला ऐकवी. तिचं एकच ठरलेलं होतं, लेक खुर्चीवर बसून काम करेल. "आणि मी तिला भेटायला जाईन तेव्हा मला पण खुर्ची देईल," असं ती म्हणे.

रोज सकाळी दरवाजा उघडण्याआधी धाकटी माझ्यासमोर उभी राही, पदर सावरी आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात मला वाचून दाखवी. "सावधान! विषारी वायू! आत जाऊ नये!" मग थोरलीकडे वळून म्हणे, "चला जाऊबाई, आत जाऊया."

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस!"

"मी कुठे? पाटी बोलते. साहेबांनी लावलीय. साहेब खोटं बोलतील का?"

हमाल हसत. साहेबही एकदा हसले होते. मी पाहिलंय.

तो प्रसंग घडला तेव्हा आठवड्याची सुट्टी नुकतीच संपली होती. सुट्टीच्या दिवशी ठेकेदाराचा एक नवा माणूस एकटा आला. तीन गोदामं करायची होती, मदतीला कुणी नाही. तीन नंबरमधली एक ताडपत्री हातभर फाटलेली होती, तिथे त्याने नुसतं पोतं टाकलं. हाक मारली नाही, कारण सुट्टी होती. चाळणखोलीची किल्ली मागितली नाही, कारण अशी वेगळी किल्ली आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. शटर ओढलं, खालच्या फटीला कागद चिकटवला, कुलूप घातलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाटी आहेच," तो स्वतःशी म्हणाला. पिशवीत त्याने एक कागदी सूचना आणली होती, तारखांसकट. ती त्याने पुन्हा पिशवीत सरकवली. साहेबांना फोन लावला, "साहेब, तीन नंबर झाला," आणि गेला.

साहेब घरी पाहुण्यांत होते. 'बरं' म्हणाले असतील. विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांना पाच नंबरला गाडी भरायला पाठवलं. तीन नंबरचं शटर बंद होतं, पण गाडी लागलेली नसली की ते बंदच असे. त्यात वेगळं काही नव्हतं. नऊच्या सुमारास दोघी आल्या. धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि रोजच्यासारखं वाचलं.

नीट ध्यानात घ्या. आदल्या दिवशी एका माणसाने मला पाहिलं आणि म्हणाला, पाटी आहेच, म्हणजे कुणी आत जाणार नाही. त्या सकाळी एका बाईने मला पाहिलं आणि समजली, पाटी आहेच, म्हणजे आत काही नाही. एकच पाटी. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

हवेत गारवा होता. थोरली गुडघा चोळत होती.

"तुम्ही बाहेर उन्हात बसा," धाकटी म्हणाली. "पोत्यांना टाके घाला. आतलं मी बघते."

"मला म्हातारी ठरवू नकोस."

"मी कशाला ठरवू? तुमचे गुडघेच ओरडून सांगतायत. पाच नंबरपर्यंत ऐकू येतं."

थोरली पुटपुटत बाहेर पोत्यावर बसली, दाभण आणि सुतळी घेऊन. धाकटी आत गेली आणि तिने दरवाजा ओढून घेतला. तोही साहेबांचाच हुकूम. चाळताना दरवाजा उघडा राहिला की भुसा उडून ऑफिसपर्यंत जाई आणि टेबलं खराब होत.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "जाऊबाई, लसणाचा वास येतोय."

"मुकादमाने डबा उघडला असेल."

"सकाळी नऊला?"

"त्याच्या पोटाला घड्याळ कुठे कळतं?"

आतून हसू ऐकू आलं. ते हसू मला अजून ऐकू येतं. मी तिथे चार पावलांवर होते, माझ्या अंगावर खरं लिहिलेलं होतं, आणि ते खरं असूनही काही उपयोग नव्हता.

अर्ध्या तासाने ती पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. डोकं दुखतंय म्हणाली. थोरली म्हणाली, "बस जरा." ती म्हणाली, "एवढी रास संपवते मग बसते," आणि पुन्हा आत गेली. दरवाजा पुन्हा ओढला.

दुसऱ्यांदा आली तेव्हा भिंत धरून आली. चार पावलं चालायला तिला किती वेळ लागला! माझ्यापाशी येऊन तिने एक हात माझ्या काठावर टेकवला आणि वाकून ओकली. तिचा तळवा बर्फासारखा होता. "छातीवर कुणी पोतं ठेवलंय," ती म्हणाली. थोरलीने दाभण फेकला आणि गुडघे विसरून धावली. तीही दोनदा त्या खोलीत जाऊन आली, एकदा धाकटीची पाण्याची बाटली आणायला, एकदा तिची पिशवी.

आरडाओरडा ऐकून साहेब आले.

"पित्त झालं असेल. उपाशीपोटी काम करता तुम्ही लोक."

आणि मग त्यांची नजर शटरवर गेली. शटरच्या फटीला नवा कागद चिकटवलेला होता. मग नजर माझ्यावर आली. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्या क्षणी त्यांना कालचा फोन आठवला. मी शपथेवर सांगते, आठवला.

एक शब्द बोलायचा होता. 'गॅस.' दोन अक्षरं. मला रंगाऱ्याने जे दिलं त्याहून किती कमी! तो शब्द त्यांनी गिळला. म्हणाले, "गाडी बोलवा. घरी न्या. आराम पडेल." आणि मागे न बघता ऑफिसात गेले. थोड्या वेळाने कुणी बघत नाहीसं पाहून आले आणि चाळणखोलीला नवं कुलूप घालून किल्ली घेऊन गेले.

पुढचं मी मुकादमाच्या तोंडून ऐकलं. पहिल्या डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं? थोरलीने सांगितलं. त्याने पोटाचं औषध दिलं. दुपारी धाकटीला श्वास घेता येईना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथेही विचारलं, काय खाल्लं? घरातल्या सगळ्यांनी आदल्या दिवसाचं जेवण आठवून आठवून सांगितलं. डॉक्टर पोटात विष शोधत राहिले. खरं उत्तर माझ्या छातीवर लिहिलेलं होतं आणि मी इथे भिंतीवर होते.

संध्याकाळी मुकादमाला चाळणखोलीचं नवं कुलूप दिसलं. त्याला शंका आली. त्याने ठेकेदाराच्या माणसाला फोन करून शिव्या घालत विचारलं, तेव्हा कळलं. तो मोठं पोट घेऊन धावत दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, "हे सकाळी का नाही सांगितलं? याला उतारा नाही, पण आम्ही पहिल्या मिनिटापासून हृदय सांभाळत बसलो असतो. काही लोक वाचतात."

काही लोक वाचतात. ती वाचली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. थोरलीलाही आठवडाभर ओकाऱ्या होत होत्या. ती उन्हात बसली होती, म्हणून उरली. हे तिला ठाऊक आहे. हे ठाऊक असलेल्या माणसाचं काय होतं, ते मी पुढे पाहिलं.

चौकशी झाली. ऑफिस अपुरं पडलं म्हणून टेबल अंगणात मांडलं, माझ्यासमोरच. अधिकाऱ्यांनी माझे फोटो काढले, समोरून, बाजूने, लांबून अक्षरं दिसतात का ते पाहायला. अक्षरं दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला इतकं लक्ष देऊन वाचत होतं.

साहेब म्हणाले, "सर, ती तर पाटीची थट्टा करायची. रोज. सगळ्यांनी ऐकलंय. विचारा मुकादमाला."

मुकादमाला विचारलं. तो जमिनीकडे बघत 'हो' म्हणाला. त्याला चार मुलं आहेत. मी त्याला माफ केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवसापासून त्याने सदरा माझ्यावर टांगलेला नाही.

मग थोरलीला बोलावलं. तिला खुर्ची दिली नाही.

"त्या दिवशी पाटी होती?"

"होती."

"वाचता येतं?"

"मला अडखळत. तिला फाडफाड."

"मग तिने वाचली होती?"

"मोठ्याने वाचली होती."

"म्हणजे माहीत असून आत गेली."

"साहेब, पाटी आदल्या दिवशी होती, त्याच्या आदल्या दिवशी होती, सहा वर्षं होती. सहा वर्षं आम्ही हिच्याखालून आत जातोय. पाटी दाखवून कुणी एकदा अडवलं नाही. उलट पाच मिनिटं उशिरा आत गेलो तर बोलणी खायची."

"विचारलं तेवढंच सांगा, बाई."

अधिकाऱ्यांनी लेखनिकाला मजकूर सांगितला. पाटी होती. वाचता येत होती. आत गेली. कागद तिच्यापुढे सरकवला. "सही करा."

थोरलीने कागद अक्षर अक्षर लावत वाचला. फार वेळ लागला. अधिकाऱ्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"एक शब्द राहिलाय," ती म्हणाली. "रोज. पाटी रोज होती, असं लिहा. मग करते सही."

"तो मुद्दा या चौकशीच्या कक्षेत येत नाही."

"मग माझी सही पण तुमच्या कक्षेत येत नाही."

तिने पेन टेबलावर ठेवलं आणि निघाली. कागदावर त्यांनी लिहिलं, 'साक्षीदाराने सही करण्यास नकार दिला.' एक शब्द लिहायला नको म्हणून पाच शब्द लिहिले.

निकाल लागला तो तुम्हाला मी सुरुवातीलाच सांगितला. ठेकेदाराला समज मिळाली. साहेब आहेत तिथेच आहेत. आणि मला नवा रंग मिळाला. अक्षरं मोठी केली, कवटीच्या डोळ्यातलं च्युइंगम खरवडलं. वरून शेरा आला होता, 'पाटी अधिक ठळक करावी.' तारखांचे चौकोन कुणाला आठवले नाहीत. मी पुन्हा त्याच जागी, त्याच चार स्क्रूंवर, रोज. आत काही असो वा नसो.

चाळणखोलीत आता दुसऱ्या दोघी येतात. पहिला आठवडा त्या माझ्याकडे बघत बिचकत आत जायच्या. आता बिचकत नाहीत.

थोरली कामावर परत आली नाही. पण मुकादम तिच्या घरी जाऊन आला आणि परत आल्यावर माझ्याखाली बसून एका हमालाला सांगत होता. धाकटीच्या लेकीला शाळेत कुणीतरी म्हणालं, 'तुझी आई पाटी न वाचता आत गेली.' मुलीने घरी येऊन थोरलीला विचारलं, "काकू, आईला वाचता येत होतं ना? मग ती आत का गेली?" थोरलीने सांगायचा प्रयत्न केला. मुलगी ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची. शेवटी विचारायची थांबली. मुकादम म्हणाला, "थांबली, ते जास्त वाईट."

मागच्या सुट्टीच्या दिवशी अंगणात कुणी नव्हतं. फाटकापाशी थोरली दिसली. हात धरून एक मुलगी. शाळेचे बूट, कपाळावर आठी. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी ओळखलं. आठी कुठून आली ते माहीत होतं, कमी गुण पडले की आईच्या कपाळावर तीच पडायची.

थोरलीने तिला माझ्यापासून दहा पावलं लांब उभं केलं.

"वाच."

मुलीने वाचलं. स्पष्ट, एकही अक्षर न चुकता. "सावधान. विषारी वायू. आत जाऊ नये."

"आता सांग, आज आत विष आहे की नाही?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. शटरकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. अक्षरांवरून बोट फिरवावं तसे डोळे एकेका शब्दावरून नेले, खालपर्यंत, मग पुन्हा वर. तिला उत्तर द्यायचं होतं. तिला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय असणार.

"काकू, यावरून कसं कळणार?"

थोरलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही कळत ना?"

"नाही."

"तू हुशार आहेस. तुझी आई पण हुशार होती. तिलाही नाही कळलं."

मुलीने मान खाली घातली आणि मग तिचा चेहरा थोरलीच्या पोटात गेला. दोघी तिथे भर उन्हात उभ्या राहिल्या. मी बघत होते. मला दुसरीकडे बघता येत नाही.

थोड्या वेळाने त्या गेल्या. जाताना थोरली लंगडत होती आणि मुलीने तिला कमरेशी धरलेलं होतं. दोघींपैकी एकीनेही माझ्याकडे मागे वळून पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या गोदामात, कोठारात, जहाजाच्या पोटात, दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे जिथे माझ्यासारखी एखादी असेल, तिथे जाऊन तिला विचारा, आज का टांगलीयस? उत्तर नसेल तर तिला काढून टाका. आणि आत खरंच विष असेल तर माणसाने माणसाला तोंडाने सांगा, नाव घेऊन, दारात उभं राहून. माझ्यावर सोपवू नका. मी पत्रा आहे. मला हाक मारता येत नाही, दार अडवता येत नाही, डॉक्टरकडे धावत जाता येत नाही.

उद्या सकाळी नऊ वाजता त्या नव्या दोघी येतील. शटर बंद आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही. मी नेहमीसारखीच ओरडत असेन.